सामुराईला जरा घरी नेऊन आणलं

त्या दिवशी मी फक्त धूळ पुसायचं ठरवलं होतं. माणसाने घरात निदान धूळ तरी पुसावी की नाही? पण माझ्या हातून एका सामुराई घराण्याचं वाटोळं झालं, आणि ते होत असताना माझ्या खांद्यावर फडकं होतं.

आधी आमच्या घराण्याबद्दल सांगते. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. बोलणं अगदी बेताचं. लिफ्टसुद्धा हल्ली कुठला मजला आला ते सांगते. हे घरी आले की चपलांच्या आवाजावरून ओळखायचं. मी घरीच पडदे शिवते. मुलगा एकुलता एक. यांची फार इच्छा, त्याने आपल्या हाताखाली काम शिकावं. तो म्हणाला, मला जन्मभर वर-खाली करायचं नाही. आणि दूरच्या शहरात नोकरी धरून निघून गेला. तेव्हापासून बापलेकांचा अबोला. यांनी म्हणायचं, त्याला सांग, थंडी वाढलीय. त्याने म्हणायचं, बाबांना सांग, मला कळतंय. मी आपली मधल्या मध्ये टपालपेटी.

जाताना तो व्हिडिओ गेमचं यंत्र इथेच ठेवून गेला होता. बंद पडलेली वस्तू दिसली की यांना चैन पडत नाही. बिघडलंय का बघतो म्हणून सुरू केलं, तर यंत्र ठणठणीत. बिघाड यांच्यातच निघाला. खेळातल्या पहिल्याच पुलावरचा पहारेकरी यांना पुन्हा पुन्हा ठार मारायचा. शेवटी नाक मुठीत धरून मला म्हणाले, "त्याला विचार, वार चुकवायचा कसा."

मी फोन लावून विचारलं. उत्तरातलं अक्षर कळेना, मग सांगणार काय? मी फोनच यांच्या कानाला लावला. (आयुष्यात केलेली एवढी एकच शहाणपणाची गोष्ट.)

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी फोन स्टुलावर उभा राहू लागला. खेळ एकच, इंटरनेटवर जपलेला; अर्धा हे खेळायचे, यांनी सोडला तिथून पुढे तो तिकडे त्याच्या नव्या यंत्रावर खेळायचा. बोलणं सगळं तलवारीचं आणि घोड्याचं. पण बोलणं होतं. "उजवीकडे वळा बाबा, मागून येतोय." "अरे दिसला, दिसला, म्हातारा झालो म्हणून आंधळा नाही झालो." मी आतल्या खोलीत शिलाई मशीन बंद ठेवून ऐकत बसायची. पडदे उशिरा जायचे. गिऱ्हाइकांच्या खिडक्या उघड्या राहायच्या.

खेळातली गोष्टही मला तुकड्यातुकड्यांनी कळली होती. एक सामुराई कुटुंब आहे. बाप लढाईत अधू झालेला, थोरला मुलगा किल्ल्यात शत्रूने कोंडलेला, आणि धाकटा त्याला सोडवायला निघालेला. खेळायचं ते धाकट्याला घेऊन. आई डोंगरावरच्या घरात एकटी. ती किल्ल्यात नव्हती, म्हणून तिच्याबद्दल आमच्याकडे कोणी फारसं बोलत नसे.

त्या रविवारी किल्ल्याची लढाई होती. धाकट्याने गावोगाव फिरून माणसं जमवली होती, एक तापट घोडा माणसाळवला होता. हे सकाळी कामावर जाताना चक्क शीळ वाजवत गेले. आणि मी फडकं घेतलं.

ते दोन दांड्यांचं रिमोट पुसताना कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि टीव्ही उजळला. समोर धाकटा. मागे सगळी फौज. त्याच्यापुढे रस्त्याला दोन फाटे: एक किल्ल्याकडे, दुसरा डोंगराकडे. वर, लांब, एक मिणमिणता दिवा आणि दारात उभी एक बाई.

मी टीव्ही तसाच बंद करणार होते, देवाशप्पथ. पण ती बाई हलेना. मला वाटलं, लढाई काय, संध्याकाळी आहेच. तोवर पोरगं नुसतं रस्त्यात उभं. आईला तोंड दाखवून येईना का? दोन मिनिटं. पुन्हा जिथल्या तिथे आणून ठेवीन, कोणाला कळणारसुद्धा नाही.

माझा सगळा संसार पायाने चाललेला. मशीनला पायडल असतं. ते दाबलं की काम पुढे सरकतं. इथे सगळी भिस्त दोन अंगठ्यांवर. धाकटा आधी गोल फिरला, मग तळ्यात उतरला, मग स्वतःच्याच फौजेतल्या एका म्हाताऱ्यावर त्याने तलवार उपसली. (मी त्या म्हाताऱ्याला "माफ करा हो" म्हणाले. मोठ्याने.) पण कसंबसं खरचटत, धडपडत मी त्याला डोंगर चढवला. दारात पोचला तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं.

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग खाली अक्षरं उमटली: "थोरल्याला मरायला सोडून तू इथे कशाला आलास?"

माझ्याच घरात, माझ्याच टीव्हीवरून, मला इतकं कोणी बोललं नव्हतं.

मागोमाग किल्ला पेटला. थोरला पडला. फौज वाट बघून कंटाळली आणि पांगली. घोडासुद्धा दावं तोडून गेला. कोपऱ्यात एक छोटं चक्र गरगर फिरलं आणि थांबलं. म्हणजे झालं ते सगळं यंत्राने आपण होऊन जपून ठेवलं होतं.

मी घाईघाईने धाकट्याला परत फाट्यावर नेलं. फाटा होता, पुढे जायला काही उरलं नव्हतं. मी टीव्ही बंद केला, पुन्हा लावला. प्लग काढला, पुन्हा घातला. रिमोट तर इतकं पुसलं की त्यावरची चिन्हं फिकट झाली. घोड्याला हाका मारून पाहिल्या. मग धाकट्याला त्याच्या नशिबावर सोडून मी पडद्यांना कड्या लावायला बसले. सगळ्या उलट्या लावल्या.

संध्याकाळी यांनी फोन स्टुलावर उभा केला, टीव्ही लावला आणि गप्प झाले. तसे ते गप्पच असतात, पण हे गप्प बसणं वेगळं होतं.

"बाबा, फौज कुठेय?" फोनमधून आवाज आला.

"तेच विचारतोय. काय केलंस तू?"

"मी? मी आठवडाभर हात लावलेला नाही. तुम्हीच घरी गेलात. मला न विचारता."

"घरी जायला काय विचारायचं असतं? आणि गेलोच नाही मी. जाण्यासारखं काय आहे तिथे?"

"हो, तेच. तुम्हाला घरी आलेलं माणूस नकोच असतं."

"नको कोण म्हणालं? येतंय कोण?"

आता बोलणं घोड्याचं राहिलं नव्हतं. यांचा अंगठा फोन बंद करायच्या लाल गोलाकडे निघालेला मला दिसला. तो एकदा टेकला असता, तर मी पुन्हा टपालपेटी. आणि या खेपेला कदाचित टाकायला पत्रंही आली नसती.

"मी नेलं त्याला," मी दारातून म्हणाले. "धूळ पुसताना. त्याची आई उभी होती. कधीची उभी होती बिचारी."

मला वाटलं, आता दोघं मिळून माझ्यावर तुटून पडतील. त्यात समाधान एवढंच की मिळून.

मग फोन खाकरला. "बाबा, हे असं फोनवरून निस्तरणार नाही. पहिल्यापासून खेळावं लागेल. मी चार दिवस रजा टाकतो."

"ये," हे म्हणाले. मग पुढे म्हणाले, "तिथे थंडी आहे ना, गरम काही घालून नीघ."

तो आला. दारात "आई, कशी आहेस?" म्हणाला आणि मी सांगेपर्यंत टीव्हीसमोर जाऊन बसला. पोर माझ्यासाठी आलं नव्हतं, घोड्यासाठी आलं होतं; पण आलं होतं. चार दिवस मला दोन पाठी दिसत होत्या. दोन्हींना पोक एकाच जागी. खेळाला हात लावायला मला सक्त मनाई. मात्र टीव्हीचा प्लग एक्सटेन्शन बोर्डात ढिला बसत होता. घरात लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस असूनही तो दुरुस्त व्हायला कोणाला फुरसत नव्हती. म्हणून शेवटच्या दिवशी कामगिरी माझ्यावर आली: त्यांच्या मागे बसून प्लग दाबून धरायचा.

मी धरला. किल्ल्याची लढाई जुंपली. शत्रू हटत आला, थोरल्याच्या बेड्या तुटायच्या बेतात. बाप म्हणतोय, "डावीकडे, डावीकडे," लेक म्हणतोय, "तुम्ही घोडा सांभाळा." आणि माझ्या अगदी पुढ्यात मुलाचं डोकं. केस वाढलेले, मानेवर वळलेले. तिकडे कोणी सांगणारं नसेल. मी नुसता हात फिरवला त्यावरून. एकदाच. दुसऱ्या हाताने धरलाच होता की प्लग.

टीव्ही काळा झाला.

दोघांनी एकदम मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चार दिवसांत पहिल्यांदाच.