डाळीला तेलाचा हात

सिद्रामप्पांच्या डाळमिलमध्ये निवडायचं मशीन आलं, तेव्हा त्याच्यापुढं नारळ फोडला तो सरजाबाईनं. ज्या मशीनमुळं ती, नीलम्मा आणि आणखी दोघी सोमवारपासून घरी बसणार होत्या, त्याच मशीनपुढं. बावीस वर्षं खडे निवडतेय, तिचा मान, असं अप्पांचं म्हणणं. मान द्यायला माणसाला वेळ बरी सापडते.

उदगीरला त्या वर्षी दोनच विषय होते, पाणी कधी येणार आणि उदगीर जिल्हा कधी होणार. पाण्याचा भरवसा कुणी देत नव्हतं, जिल्ह्याचा सगळेच देत होते. अप्पांनी तर 'जिल्हा उदगीर' छापलेली पोतीसुद्धा आणून ठेवली होती. आता जिल्ह्याच्या गावाला शोभेल असं मशीन नको का? म्हणून लातूरहून मन्मथ नावाचा इंजिनियर येऊन हे धूड बसवून गेला, आणि आज हैदराबादच्या दोन व्यापाऱ्यांना ते चालवून दाखवायला परत आला होता. व्यापाऱ्यांना पसंत पडलं, तर वर्षभराची डाळ ते उचलणार होते.

"वरून डाळ ओतायची," मन्मथनं समजावलं. "घसरत खाली येताना दिव्यांच्या उजेडात कॅमेरा एकेक दाणा बघतो. डाळ चमकत नाही, खडा चमकतो. चमकला की हवेच्या फुंकरीनं बाजूला. चूक होणं नाही."

सरजाबाई दाराशी बसून ऐकत होती. तिला वाईट वाटत होतं, आणि का वाटू नये? सुपाशिवाय दुसरं काम हाताला ठाऊक नव्हतं, आणि असल्या दुष्काळात शेतावर खुरपायलासुद्धा कुणी बोलवत नव्हतं. पण पाहुणे यायचे म्हणजे नमुन्याच्या पोत्याला करडईच्या तेलाचा हात द्यायचा, ही त्या गिरणीची रीत. मुलगी दाखवायच्या दिवशी तिच्या वेणीला तेल लावतात, तसंच. ते काम तिनं सकाळीच, कुणी न सांगता, नेटकं करून ठेवलं होतं. सवय ती सवय.

मन्मथनं अंगणातले मूठभर खडे उचलले, पोत्यात मिसळले आणि बटण दाबलं. फुस्स फुस्स आवाज झाला. चांगल्या डाळीच्या तोंडातून अगदी स्वच्छ निवडलेले खडे बाहेर पडले. डाळ सगळी खड्यांच्या पोत्यात.

अप्पांनी दोन्ही पोत्यांत हात घालून बघितलं. "काम तर सफाईनं केलंय," ते म्हणाले. "उलटं बसवलं का हो?"

"उलटं बसतच नाही ते." मन्मथनं कपाळ पुसलं. "खडे धुळीनं माखलेत, म्हणून चमकत नसतील. थोडं पाणी द्या, धुऊन घेतो."

"पाणी?" अप्पा म्हणाले. "माणसांना मिळंना झालंय आन् खड्यांना आंघोळ?"

मग मन्मथनं दिव्यांचा उजेड वाढवला. त्या लखलखाटात डाळ, खडे, टरफलं, सगळंच चमकलं. मशीननं कुणाचाच भरवसा धरला नाही. फुंकर इतक्या जोरात सुटली की पोतं बाजूला सरकलं आणि व्यापाऱ्यांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर डाळीचा सडा पडला. एकानं खिशातून मूठभर काढली.

नीलम्मा सरजाबाईच्या कानाशी लागली. "अक्का, तेलानं झालं न्हवं हे?"

"गप बस."

सरजाबाईला केव्हाच कळलं होतं. आता फक्त तोंड मिटून बसायचं, मशीन आल्या वाटेनं परत जाईल आणि सोमवारी चौघींची सुपं हलतील. तिनं पदर तोंडात धरला. पाच मिनिटं धरला. त्या बाईच्या आयुष्यातली एवढी मोठी गप्प पाच मिनिटं नीलम्मानं कधी पाहिली नव्हती.

पण तेवढ्यात मन्मथ व्यापाऱ्यांना म्हणाला, "मशीन खोटं बोलत नाही. या डाळीतच खोट आहे."

व्यापाऱ्यांनी एकमेकांकडं बघून पिशव्या उचलल्या, आणि सरजाबाईचा पदर सुटला.

"डाळीला नावं ठिवायची न्हाईत," ती उठून मन्मथपुढं आली. "तेल लावलंय मी तिला. दारातल्या उजेडात सूप तिरपं धरलं की खडा डोळा मारतो, डाळ न्हाई मारत. तेल लावलं की डाळबी मारती. आन् अंगणातला धुळीचा खडा कायला घेतला? डाळीसंगं गिरणीतून आलेला खडा घासून लख्ख असतो."

मन्मथनं चार दाणे बोटांत चोळले, बोटं तेलकट झाली. मग तो म्हणाला, "मावशी, हे मला शिकायला चार वर्षं लागली."

"मला कुणी शिकवलंच न्हाई," सरजाबाई म्हणाली.

बिनतेलाची डाळ आली, गिरणीतले खडे आले, दिवे कमी झाले. मशीननं चोख काम केलं. व्यापाऱ्यांनी पिशव्या खाली ठेवल्या, सोमवारी ट्रक पाठवायचं कबूल केलं. सरजाबाईनं आपलं सूप उचललं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता तिनं, आणि घरी जाऊन काय सांगायचं हे सुचत नव्हतं.

"थांबा मावशी," मन्मथ म्हणाला. "अप्पा, दुष्काळाची तूर आहे. गावागावचा दाणा वेगळा. रोज नवा माल ओतायच्या आधी चांगल्याची एक पाटी आणि वाईटाची एक पाटी हातानं निवडून मशीनला दाखवावी लागेल. त्याशिवाय ते आंधळं."

अप्पांनी घसा साफ केला. "सरजाबाई, तू येत जा की मग."

"एकटीच्या नजरंवर एवढं मोठं धूड चालवायचं?" सरजाबाईनं सूप काखेत मारलं. "दोन पाट्या, चार बायका. न्हाईतर दावा त्याला तुमीच."

सोमवारी हैदराबादचा ट्रक दारात उभा होता. मशीनचे दिवे लागलेले, मन्मथ घड्याळ बघतोय, तिघी बायका सूप घेऊन बसलेल्या, आणि सरजाबाईचा पत्ता नाही. शेवटी अप्पा स्वतः तिला शोधत गल्लीत गेले. ती टँकरच्या रांगेत होती.

"चल की, सगळं अडलंय तुझ्यावाचून."

"हाव, पण माझा नंबर जाईल न्हवं. दोन दिसांनी आलाय टँकर."

थोड्या वेळानं मिलमध्ये सरजाबाईनं दारातल्या उजेडात सूप तिरपं धरलं. आणि तिकडं गल्लीत सिद्रामप्पा तिची घागर घेऊन सरजाबाईच्या नंबरावर उभे होते. मागच्या बाईनं त्यांच्या पाठीला कळशी टेकवली.

"अप्पा, सरका की फुडं," ती म्हणाली.