गुडघ्याचं माप

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात चौदा वर्षं गोणी वाहिलेल्या हौसेरावांचा उजवा गुडघा शहाण्णव सालच्या गणपतीनंतर कुरकुरायला लागला. कोपरखैरण्याच्या डॉक्टर सुमेधाबाईंनी एक्स-रे काढला. त्यात काहीच दिसलं नाही.

“सुरुवातीला नाहीच दिसत,” त्या म्हणाल्या. “सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, हळूहळू झिजते. लक्ष ठेवावं लागतं. रोज सकाळी सूज मोजा आणि लिहून ठेवा.” त्यांनी वाटीच्या जरा वर पेनाने रेघ मारली. “माप इथंच घ्यायचं.”

मोजायचं काम अर्थातच बायकोकडे, मुक्ताबाईंकडे आलं. पहिल्या दिवशी पंधरा इंच. आठवड्यानं साडेपंधरा. मग सोळा.

“आवं, वाढतंय की!”

हौसेरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कामावर जाणं सोडलं, जेवणाचं ताट खाटेवर मागवलं. टोळीतला विलास येऊन म्हणाला, “टेन्शन नको घेऊ दादा, तुझं काम आमी बगतो.” साताऱ्याहून थोरले भाऊ रावसाहेब निर्गुडीचा पाला घेऊन उतरले. मुक्ताबाई पाला वाटायच्या, गुडघा शेकायच्या, भेटायला येणाऱ्यांना चहा द्यायच्या. सतरा इंच भरले तसे हौसेराव मुक्ताबाईंना घेऊन रिक्षात आडवे बसून दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी स्वतः मोजलं. पंधरा!

“तुम्ही कसं मोजता? दाखवा बघू.”

मुक्ताबाई उकिडव्या बसल्या आणि टेप थेट हौसेरावांच्या मांडीला गुंडाळला. “आंगुळीत रेघ पुसायची, मग मी नवी वढायची. दुखऱ्या जागी पेन टोचू नये म्हनून दर खेपेला जराशी वर.”

महिनाभरात रेघ मांडीवर चढली होती. डॉक्टर खळखळून हसल्या आणि मध्येच थांबल्या. उठताना मुक्ताबाईंच्या गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज आला होता. डॉक्टरांनी त्यांना बाकावर बसवून दोन्ही गुडघे वाकवून पाहिले.

“यांच्यापेक्षा तुमची झीज जास्त वाटतेय. कधीपासून दुखतं?”

“झाली असतील दोन वर्सं.”

“आन् मला बोलली न्हाईस?” हौसेराव ओरडले.

“तुमचं आटपल्यावर सांगनार व्हते.”

डॉक्टर सांगू लागल्या, “आता खाली बसून धुणं नाही, भांडी नाही, फरशी पुसणं नाही. पाण्याचे हंडे घेऊन जिना चढणं तर मुळीच नाही.”

“आसं म्हनता?” हौसेराव काळजीनं म्हणाले. “मग हे सगळं करनार कोन?”

दोघी त्यांच्याकडे बघत राहिल्या.