आरोप हाय, गुन्हा नाय

आमच्या शेजारचे हरिभाऊ बाहेरून आले की आपल्याच दारात ताठ उभे राहतात, छाती भरून श्वास घेतात आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडतात, "हरिश्चंद्र गोविंद म्हात्रेऽऽ, हाजिर हो!" असं तीनदा. मग खालच्या आवाजात स्वतःच म्हणतात, "हजर हाय," आणि चपला काढून आत जातात.

आळीत नवीन राहायला आलेलं माणूस पहिल्यांदा दचकतं, मग हसतं, आणि महिन्याभराने त्या हाकेवर कुकर लावायला लागतं.

हरिभाऊंनी उभी नोकरी पेणच्या कोर्टाच्या दारात काढली. पट्टेवाले होते. आतून इशारा आला की बाहेर यायचं आणि आरोपीचं किंवा साक्षीदाराचं नाव पुकारायचं. आवाज असा, की समोरच्या टपरीवर चहा पिणारा आरोपी कप ठेवून उभा राहायचा आणि त्याच्याबरोबर दोन-चार भलतीच माणसं उभी राहायची. निवृत्त झाल्यावर लोक कुंडीत मिरच्या लावतात, भजनात टाळ कुटतात. हरिभाऊंनी आमच्या आळीचं कोर्ट केलं.

आता आमच्या मांजरीचंच घ्या. एकदा तिने तळलेल्या बांगड्याची तुकडी पळवली. मी लाटणं घेऊन मागे, तर कुंपणापलीकडून आवाज आला, "थांबा वहिनी! खाताना बघितलात?"

"अहो, तिच्या मिशांना हळद लागलीय!"

"हळद लागलीय. बांगडा लागलाय का? आरोप हाय, गुन्हा नाय."

"मग बांगडा गेला कुठे?"

"ते सरकार पक्षानं शाबीत करायचं. मांजरीनं काय म्हणून सांगायचं?"

संशयाचा फायदा मांजरीला मिळाला, बांगडाही मांजरीलाच मिळाला, आणि आमच्या ह्यांना मिळाली नुसती आमटी.

हरिभाऊंची नि माझी पहिली गाठ अशाच एका खटल्यात पडली. मी नवीन लग्न होऊन रोह्याहून पेणला आले होते. त्या काळची मी म्हणजे काय सांगू! वाचनालयातल्या रहस्यकथा वाचून वाचून मला वाटायचं, जगातले सगळे गुन्हेगार माझ्या लग्नाची वाट बघत थांबलेत. सासूबाईंनी वाळत घातलेले पोह्याचे पापड एका दुपारी अर्धे गायब झाले. झालं! मी सासऱ्यांचं पोथी वाचायचं भिंग काढलं, नऊवारीचा पदर खोचला आणि अंगणात रांगत रांगत शेजारच्या बकरीपर्यंत पोचले. तिच्या दाढीचं भिंगातून निरीक्षण करत होते, इतक्यात तिकडून नवीनच नोकरीला लागलेले हरिभाऊ आले.

"काय गो वहिनी, बकरीची तपासणी चाललीय?"

"ही चोर आहे," मी म्हटलं. "हिच्या तोंडाला पापडखाराचा वास येतो."

"वास तुमच्या हाताला पण येतो," ते म्हणाले. "बकरीला वकील नाय, म्हणून मीच उभा राहतो."

सासूबाई हसून हसून खाली बसल्या. बकरी निर्दोष सुटली. माझं आजही ठाम मत आहे की ती सुटल्यावर माझ्याकडे बघून हसली. पण भिंग मात्र सासऱ्यांनी त्याच संध्याकाळी कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली.

मध्यंतरी हरिभाऊंवर मोठा घाला पडला. कायद्याची कलमं बदलली. चोरीचं तीनशे एकोणऐंशी जाऊन तीनशे तीन आलं. आयुष्यभर पाठ केलेले आकडे असे रातोरात मोडीत निघाले म्हणून ते दोन दिवस धड जेवले नाहीत. "वहिनी, आता कुणाला चारसोवीस म्हणायची पण सोय राहिली नाय," असं फार कळवळून म्हणाले. मग नवं पुस्तक आणलं आणि मुलं पाढे म्हणतात तसं सकाळी गच्चीत फिरत पाठ करू लागले. अजूनही मध्येच चुकतात आणि एखाद्या साध्या चोराला भलत्याच कलमात नेऊन बसवतात.

हे सगळं मी गमतीने सांगत राहिले असते, जर दत्तारामचं प्रकरण झालं नसतं.

दत्ताराम पाटील कासूचा. हमरापूरला माझा भाचा शशी याचा गणपतीचा कारखाना आहे. तिथे दत्ताराम आखणीला बसायचा, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायला. बाकी रंग कोणीही मारील, पण डोळा एकदा वाकडा गेला की गणपती रुसल्यासारखा दिसतो. दत्तारामच्या हातचे डोळे असे, की देवघरात कुठेही उभं राहा, बाप्पा तुमच्याचकडे बघतोय आणि तुमच्या सगळ्या लबाड्या त्याला माहीत आहेत, असं वाटावं. आमच्या घरी वर्षानुवर्षं त्याच डोळ्यांचा गणपती.

गेल्या दिवाळीनंतर दत्तारामने शशीचा कारखाना सोडला आणि पलीकडच्या कारखान्यात गेला. मजुरीवरून काही बोलणं झालं होतं. नेमका त्याच सुमारास शशीचा नवा साचा नाहीसा झाला. झोपाळ्यावरच्या बालगणेशाचा, शशीने स्वतः घडवलेला, हंगामाची सगळी मदार असलेला साचा. पलीकडच्या कारखान्यातही झोपाळ्यावरचा गणपती दिसला, आणि शशीने दोनात दोन मिळवून पोलिसांत तक्रार दिली. दत्तारामला अटक झाली. गाडीत बसवलं ते भर बाजाराच्या दिवशी, अख्ख्या गावासमोर.

दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं केलं तेव्हा जामीनदार म्हणून कोण उभं राहिलं असेल? आमचे हरिभाऊ. दत्तारामची नि त्यांची ओळखसुद्धा नव्हती.

मी विचारलं, "अहो, त्याने खरंच चोरी केली असली तर?"

"तर कोर्ट शिक्षा देईल. जामीन म्हणजे सुटका नाय वहिनी, आणि अटक म्हणजे शिक्षा नाय."

"पण पोलिसांनी धरलंय म्हणजे काहीतरी असेलच ना?"

हरिभाऊंनी माझ्याकडे असं बघितलं, की मला ती बकरी आठवली. "पोलीस विचारतो, कोणी केलं? कोर्ट विचारतं, कशावरून? गाव विचारत नाय. गाव सांगतंच."

आणि गाव सांगतच होतं. पलीकडच्या कारखानदाराने दत्तारामला घरी बसवलं. हमरापूरच्या इतर कारखान्यांत गेला की मालक चहा द्यायचे, पण कुंचला देत नव्हते. हा हंगाम हातचा गेला तर पुढे त्याला कोणी आखणीला बसवणार नाही, हे त्यालाही माहीत होतं. कासूला खाडीवर गळ टाकून बसायचा, असं कानावर यायचं.

हरिभाऊ शशीकडे खेपा घालू लागले. "साचा चोरीला गेला, कशावरून?"

"जागेवर नाय, म्हणून!"

"जागेवर नाय म्हणजे जागेवर नाय. चोरीला गेला, हे त्यात कुठं हाय? सगळे साचे उघडून बघितलास?"

"काका, शंभरावर साचे हायत. कामं सोडून ते उघडत बसू?"

शेवटी हरिभाऊ माझ्याकडे आले. "वहिनी, भाचा तुमचा. चला. तुम्ही पंच." मी आयुष्यभर ज्या क्षणाची वाट बघत होते तो आला होता. भिंग घ्यावं का, असं क्षणभर मनात आलं, पण आता मला चष्म्यातूनही नीट दिसत नाही.

शशीने आढेवेढे घेतले. मी म्हटलं, "शशी, लहानपणी माझ्या डब्यातल्या करंज्या खाऊन उंदरावर आळ घातला होतास. मी गप्प बसले होते. उघड साचे."

साचा दुहेरी असतो. आत मऊ रबराची कातडी, तिच्यावर मूर्तीचे सगळे बारकावे, आणि बाहेर ती कातडी सावरून धरायला प्लास्टरचं जाड कवच. किंमत सगळी कातडीची. बालगणेशाचं कवच रिकामं होतं, म्हणून ओरड झाली होती. आम्ही भिंतीकडेचा एकेक साचा उघडत निघालो. उन्हं कलायला आली तेव्हा अगदी मागच्या रांगेत, सिंहासनावरच्या एका जुन्या गणपतीचं कवच निघालं. त्याची कातडी फाटली म्हणून ती कधीच टाकून दिली होती, कवच तेवढं राहिलं होतं. शशीने ते उघडलं. आत झोपाळ्यावरचा बालगणेश गुपचूप बसला होता.

दिवाळीच्या घाईत आवराआवर करताना कोणीतरी कातडी चुकीच्या कवचात घातली होती. पलीकडच्या कारखान्यातला झोपाळा त्यांचा त्यांनीच घडवलेला, निराळा निघाला. कवच बंद करून त्यावर त्या दिवशी मारलेली निळी खूण शशीच्याच हातची. मी बोट उगारलंच होतं, तेवढ्यात हरिभाऊंनी माझा हात खाली केला.

"अहो, खूण त्याची आहे!"

"खूण त्याची हाय. कातडी त्यानं घातली, हे बघितलात?" मग शशीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळा, चूक हाय. गुन्हा नाय. उद्या पोलीस ठाण्यात जाऊन खरं ते सांग."

शशी गेला. पोलिसांनी तपास बंद करायचा अहवाल दिला, त्याला समरी म्हणतात. कोर्टाने ती मान्य केली. हरिभाऊ पेढे घेऊन आले. "'क' समरी झाली, वहिनी! 'अ' म्हणजे गुन्हा खरा, पण माणूस सापडत नाय. 'ब' म्हणजे तक्रारच खोटी. आणि 'क' म्हणजे कोणी चोर नाय, कोणी लबाड नाय, गैरसमज झाला. सगळ्यांत सभ्य समरी."

मला वाटलं, संपलं. पण दत्ताराम कामावर येईना. शशी कासूला जाऊन हात जोडून आला, तरी नाही. दत्ताराम म्हणाला, "गाडीत घातलं तेव्हा सगळा गाव होता. सुटलो तेव्हा कोणाला ठावं पण नाय. त्या गल्लीतून मी कसा चालू?"

हे ऐकून हरिभाऊ पुन्हा धड जेवेनात. त्यांचं असं मी कलमं बदलली तेव्हाच पाहिलं होतं.

श्रावणातल्या एका सकाळी ते पांढरी स्वच्छ पॅन्ट, पांढरा सदरा घालून निघाले. जुना गणवेश. पोटावर जरा तटतटत होता. "वहिनी, पंचांनी पण यायचं असतं," म्हणाले. आम्ही हमरापूरला पोचलो. कारखान्याकारखान्यांत रंगकाम जोरात चाललेलं, रेडिओ वाजत होते. दत्तारामला त्यांनी कासूहून कसं उठवून आणलं होतं देव जाणे, पण तो गल्लीच्या तोंडाशी खाली मान घालून उभा होता. हरिभाऊ शशीच्या दारात जाऊन ताठ उभे राहिले आणि त्यांनी श्वास घेतला.

"दत्ताराम काशिनाथ पाटीलऽऽ, हाजिर हो!"

रेडिओ बंद झाले.

दुसऱ्या हाकेला लोक बाहेर आले. हातात कुंचले, अंगावर गुलाबी रंगाचे शिंतोडे. सगळी गल्ली दोन्ही बाजूंनी उभी राहिली. कोर्टात ते नावाआधी 'आरोपी' म्हणायचे. आज तो शब्द नव्हता, आणि तो नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

तिसऱ्या हाकेला दत्तारामने मान वर केली. मधोमध चालत आला. कोणीतरी मागून म्हणालं, "ये रे दत्ता." मग आणखी कोणीतरी. दारात येऊन तो म्हणाला, "हजर हाय." शशीने त्याचा जुना कुंचला पुढे केला. आणि दत्ताराम आत जाऊन, काही घडलंच नाही अशा थाटात शशीवर खेकसला, "ह्यो काळा कोणी कालवला? पातळ झालाय!"

परतताना रिक्षात मी हरिभाऊंना चिडवलं, "आज आवाज फार लागला हो. रोज स्वतःला हाका मारून मारून रियाज झालाय."

ते बाहेर बघत म्हणाले, "आधी मी स्वतःला नाय मारायचो, वहिनी. सुशीलेला मारायचो."

मला आठवलं. त्यांची बायको सुशीला. हे दारात येऊन तिचं नाव पुकारायचे आणि ती आतून भाकरी थापता थापता ओरडायची, "आरोप काय?" त्या दोघांचा हा खेळ अख्खी आळी ऐकायची. ती गेली त्यालाही आता वर्षं झाली.

"मग तिचीच हाक मारा की. आम्ही कोणी हसणार नाही."

"नाय गो वहिनी. तिसऱ्या हाकेला माणूस आलं नाय, तर गैरहजर लिहायला लागतं." मग म्हणाले, "तिला गैरहजर नाय लिहायचं मला. म्हणून आपलं नाव. ते काय, हजर असतंच."

आळी येईपर्यंत मी मनातल्या मनात आमच्या जेवणात एक पान वाढवलं.

रिक्षातून उतरून मी भराभर आमच्या ओट्यावर चढले. हरिभाऊ त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. कुलूप काढलं, ताठ झाले, श्वास घेतला. त्यांच्या आधी मीच ओरडले. माझा आवाज म्हातारा, पण रोह्याच्या माहेरचा.

"हरिश्चंद्र गोविंद म्हात्रेऽऽ, हाजिर हो!"

ते तसेच उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. समोरच्या घरातली सून खिडकीत आली. मग त्यांनी न वळता विचारलं, "आरोप काय, वहिनी?"

"वालाचं बिरडं गार होतंय, हा आरोप."

"आरोप हाय," ते म्हणाले आणि त्यांनी दाराला पुन्हा कुलूप लावलं. "गुन्हा मात्र नाय होऊ देणार."

आणि आले. पहिल्याच हाकेला.