नाव टाकलेल्या तीन रेकॉर्डी

"या वेळी भेट अशी नेतो, का सारा भंडारा पाहत राहीन!"

एकोडीच्या टिकाराम कापगत्यांनी ही घोषणा अंगणातल्या खाटेवर बसून, बायकोसमोर केली. माणूस साधा, धानाचा शेतकरी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण घोषणा करायची वेळ आली की त्यांच्या अंगात थेट आमदार शिरायचा!

निमित्त होतं रुखमिणीबाईंच्या थोरल्या भावाच्या एकसष्टीचं. इश्वरभाऊ मूळचे आंधळगावचे, बँकेतून निवृत्त होऊन भंडाऱ्यात स्थायिक झालेले.

"साऱ्या भंडाऱ्याचं काय करता? माह्या दादाले आवडली तरी पुरे," रुखमिणीबाई म्हणाल्या. "आन् नाव टाका जी त्याच्यावर! मागच्या वेळेसारखं नको."

मागच्या वेळेचं दुखणं जुनं होतं आणि खोल होतं. इश्वरभाऊंच्या वास्तूला टिकारामांनी पाणी भरायचा चांगला दणदणीत पितळेचा गुंड नेला होता. घाईत त्यावर नाव टाकायचं राहिलं. शेजारीच साडू यादोरावांनी आपला स्टीलचा डबा ठेवला आणि आल्यागेल्याला 'हे आमच्याकडून' म्हणत हात असा काही मोघम फिरवला, की गुंड त्यांच्या खात्यात आणि डबा टिकारामांच्या नावावर गेला! आंधळगावचे लोक अजूनही रुखमिणीबाईंना 'डबेवाली पोरगी' म्हणत. माहेरी जायचं म्हटलं की बाईंना नेमकी शेतातली कामं आठवायची.

टिकारामांनी इश्वरभाऊंच्या मुलीला, डिंपलला, गुपचूप फोन लावला.

"फुफाजी, बाबाले आता एकच नाद हाये. रेकॉर्डी! जुने गोड इंग्रजी गाणे, जॅझ, नाहीतर तिकडचं लोकसंगीत. तीन प्रकारच्या तीन नेल्या तर बाबा नाचन!"

टिकारामांनी खताच्या पावतीमागे तिन्ही प्रकार लिहून घेतले, सकाळची एसटी पकडली आणि भंडाऱ्यात कैलाशच्या जुन्या रेडिओ-टेपांच्या दुकानात जाऊन उभे राहिले. एक मोठे साहेब निवृत्त होऊन आपल्या गावी परतताना पेटीभर इंग्रजी रेकॉर्डी कैलाशला देऊन गेले होते. त्या पेटीला हात लावणारं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आपले टिकाराम.

त्यांनी एक रेकॉर्ड काढली, कानाजवळ नेली आणि बोटानं टिचकी मारली.

"हिचा तं आवाजच नाही येऊन राहिला!"

"काका, भांडं नाही ते! थांबा, लावून दाखवतो."

पहिल्या रेकॉर्डीवर एक माणूस कानाशी येऊन बोलल्यासारखा मऊ मऊ गात होता.

"हा बायकोची समजूत काढून राहिला का गा?"

"बरोबर वळखलं! बारा गाणे हायेत, बाराही त्याच्यावरच."

"मंग घे बांधून. कामाची हाये."

दुसरी जॅझची. पियानो एका दिशेनं गेला, ढोल दुसऱ्या, आणि पिपाणी तर कोणाला न सांगताच कुठेतरी निघून गेली.

"यायचं भांडण झालं काय?"

"जॅझ असंच असते, काका. आखरीले सारे एका जागी येतात."

टिकाराम हटून बसले. सगळे परत येईपर्यंत उठायचं नाही! आणि खरंच आले हो, एकेक करत सगळे आले! "आमच्या ग्रामसभेपेक्षा बरे हायेत," असा शेरा मारून त्यांनी तीही बाजूला ठेवली.

तिसरी लोकगीतांची. एकटी बाई, मागे एक तार छेडल्याचा बारीक आवाज, बस्स. टिकारामांना त्यातला एक शब्द कळला नाही. पण ती ओळ लांबवायची, थांबायची, पुन्हा धरायची, आणि त्यांना आपली आई आठवली. धानाच्या बांधीत, गुडघाभर चिखलात रोपं लावताना, रोवणा करताना आई अशीच गायची. टिकारामांचे डोळे भरून आले आणि त्यांना त्याची लाजही वाटली नाही.

"कोन्या गावची हाये हे बाई?"

"अमेरिकेतल्या कोन्यातरी डोंगरातली."

"नाही गा. हे बांधीत उभी राहून गाऊन राहिली. मले पक्कं मालूम हाये."

तिन्ही रेकॉर्डी काखेत मारून टिकाराम बाहेर पडले. इथपर्यंत सगळं उत्तम झालं होतं. इथूनच त्यांनी एसटी पकडली असती, तर मला ही गोष्ट सांगायची गरजच पडली नसती! पण बायकोचं वाक्य डोक्यात होतं. नाव!

आता भेटीवर नाव टाकायचं म्हणजे कुठे जायचं? भंडाऱ्यात कोणीही सांगेल: भांड्यांच्या दुकानात. तिथे सुलोचनाबाई नाव टाकायची मशीन घेऊन बसल्या होत्या. तीस वर्षांत त्यांनी घागरी, पराती, तांबे, समया काही सोडलं नव्हतं. त्यांनी रेकॉर्ड उलटीसुलटी करून पाहिली.

"भाऊ, खोक्यावर पेनानं लिहून देऊ का?"

"खोकं का कोनी बदलू नाही शकत? पक्कं पायजे. या काळ्या तव्यावरच टाका!"

"कुठं टाकू? मधात तं कागद हाये."

"बाकी सारी जागा रिकामीच हाये ना बाई!"

सुलोचनाबाईंनी चष्मा पुसला, रेकॉर्ड उन्हात धरली आणि त्यांचा चेहरा खुलला. "अगं बाई! याच्यावर तं रेघासुद्धा आखून देल्ल्या हायेत! घागरीवर माह्या ओळी वाकड्या जातात. कंपनीनं किती सोय केली पाहा!"

मशीन घर्रर्र करू लागली. काळा भुगा उडू लागला. 'श्री. टिकाराम सदाशिव कापगते, मु. पो. एकोडी, ता. साकोली, यांजकडून सप्रेम भेट.' गोल फिरवून, सुबक अक्षरात, तिन्ही रेकॉर्डींवर, दोन्ही बाजूंना! जागा उरली म्हणून बाईंनी आपल्या मनानं एकेक कमळही काढून दिलं.

एकसष्टीला बैठक भंडाऱ्याच्या पाहुण्यांनी भरली होती. इश्वरभाऊंनी कागद फाडला आणि तिसरं खोकं पाहून ते खुर्चीतून उठलेच.

"टिकारामजी! हे रेकॉर्ड मी वीस वर्षांपासून शोधून राहिलो! हे कुठं भेटलं तुमाले?"

रुखमिणीबाईंनी पदर सारखा केला आणि यादोरावांकडे एकदा नजर टाकली. टिकाराम नुसते हसले. काय सुख होतं ते! पण ते तीनच मिनिटं टिकलं.

इश्वरभाऊंनी रेकॉर्ड बाहेर काढली. उजेडात धरली. त्यांचे ओठ हलले. 'मु. पो.' पर्यंत ते वाचत गेले आणि मग खाली बसले.

"लावून तं पाहू, बाबा," डिंपल हळूच म्हणाली.

तिनं सुई टेकवली. घर्रर्र... टक! टक! टक! डोंगरातल्या बाईनं तोंड उघडलं, अर्धा शब्द गायली आणि 'सदाशिव'वर अडखळून थेट 'साकोली'त जाऊन पडली. तिथून उठली तर पुढे कमळ! सुईनं एक उडी घेतली आणि गपकन बंद पडली.

मग यादोरावांनी घसा खाकरला.

"साडभाऊ, आधार कार्डाचा नंबर टाकाचा राहिला वाटते!"

असा हशा उठला की पंख्याची घरघर ऐकू येईना! रुखमिणीबाई उठून आत गेल्या. टिकारामांना हशाचं तेवढं लागलं नाही. पण इश्वरभाऊ खिशातला रुमाल काढून त्या रेकॉर्डीवरचा भुगा पुसत होते, अगदी हळुवार, आणि ते बघवत नव्हतं.

"भाऊ, चुकलं माह्यं," टिकाराम म्हणाले.

"राहू द्या जी. वाजाच्या कामाच्या नाही राहिल्या, पाहाच्या कामाच्या तं हायेत," इश्वरभाऊ म्हणाले. सज्जन माणूस! त्यांनी तिन्ही रेकॉर्डी फ्रेम करून बैठकीत टांगल्या.

रुखमिणीबाई पंधरा दिवस नवऱ्याशी फक्त 'जेवा' आणि 'सरका' एवढंच बोलल्या.

सोळाव्या दिवशी एकोडीच्या अंगणात एक मोटारसायकल थांबली. आंधळगावच्या मंडई समितीचे अध्यक्ष चंद्रकुमार आणि सोबत एक गृहस्थ! दिवाळीनंतरची मंडई म्हणजे गावची जत्राच; दंडारीचं लोकनाट्य आलं, नाच-गाणी आली, दहा गावांची गर्दी आली. चंद्रकुमारांनी टिकारामांच्या गळ्यात हारच घातला.

"काय जी जवाई! एवढे मोठे कलाकार, आन् गावाले पत्ता नाही? इश्वरभाऊकडे आमंत्रण द्याले गेलतो. ते घरी नव्हते, म्हणून बैठकीत बसलो, तं भिंतीवर तुमच्या तीन रेकॉर्डी, नाव टाकून इश्वरभाऊले सप्रेम भेट देल्लेल्या! आन् इंग्रजी! यंदा मंडईत तुमचंच गाणं ठेवलं!"

"अजी, मी नाही गात!" टिकाराम ओरडलेच.

"मोठे कलाकार असेच लाजतात," सोबतचे गृहस्थ म्हणाले.

"खरंच नाही गात!"

चंद्रकुमारांनी मोबाईल काढून फोटो पुढे धरला. कमळ स्पष्ट दिसत होतं. "मंग हे नाव कोनी टाकलं?"

टिकारामांनी तोंड उघडलं. खरं सांगायचं तर भांड्यांचं दुकान, मशीन, सुलोचनाबाई, सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ते संध्याकाळपर्यंत अख्ख्या आंधळगावात पोचलं असतं. त्यांनी दाराकडे पाहिलं. रुखमिणीबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. सोबत चिवडा होता, लाडू होते. माहेरची माणसं आपल्या नवऱ्याला हार घालताना त्या बघत होत्या, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा फुलला होता.

टिकारामांनी तोंड मिटलं. हार सारखा केला. मग दोनदा खाकरून घसा साफ केला.

"किती वाजता यावं लागन?"