रेड्याचा काटा आणि पळसाच्या पानावरच्या चार ओळी

मुलांनो, तुमच्यापैकीच कुणालातरी एक खोड लागली आहे. नाव घेत नाही. जे मान खाली घालून बसलेत, त्यांनी ऐकलं तरी पुरे. काहीही बंद पडलं की का पडलं हे विचारायचं नाही, नुसतं पुन्हा चालू करायचं! ही खोड आधी एका जंगलाला लागली.

त्या जंगलात डोंगरापलीकडे एक रहाट होता. धोंडू नावाचा रेडा तो फिरवायचा आणि पाणी पाटानं जंगलभर जायचं. शहरात शिकून आलेली कोल्हीण रहाटाला 'सर्व्हर', म्हणजे दुरूनच सगळ्यांना पुरवठा करणारं यंत्र, म्हणायची. त्यामुळे तिला तिथवर चालत जायची कधी गरज वाटली नाही.

एक दिवस पाणी थांबलं. धोंडू उभा राहिला होता.

"महाराज, दर वेळी डोंगर कोण चढणार?" कोल्हीण सिंहाला म्हणाली. "मी स्क्रिप्ट लिहिते, म्हणजे ओळीनं पाळायच्या सूचना."

तिनं पळसाच्या पानावर चार ओळी लिहून सुतारपक्ष्याला दिल्या. रेडा बघ. थांबला असेल तर टोच. चालू लागला की पानाला भोक पाड. पुन्हा पहिल्या ओळीवर जा.

सुतारपक्षी उडत गेला. रेडा थांबलेला. टोच!

"आई गं! अरे सुतारदादा, खुरात बाभळीचा काटा गेलाय," धोंडू म्हणाला. "तेवढा उपट. तुझी चोच अगदी त्याच मापाची आहे."

सुतारपक्ष्यानं पान उलटसुलट करून पाहिलं. "काट्याची ओळ नाहीये इथे."

"मग कोल्हीणबाईंना विचारून ये."

"विचारायचीही ओळ नाहीये." टोच!

धोंडू लंगडत चालला. पाणी आलं. जंगलानं टाळ्या वाजवल्या.

पहिल्या दिवशी चार भोकं पडली, दुसऱ्या दिवशी चाळीस. तिसऱ्या दिवशी पानाची चाळणी झाली.

सिंह गहिवरला. "एका दिवसात तीनशे वेळा रहाट वाचवला! सत्कार करा याचा!"

चौथ्या दिवशी धोंडूचा पाय भोपळ्याएवढा सुजला. तो बसला तो उठेचना. सुतारपक्षी टोचून टोचून दमला, म्हणून त्या दमलेल्या पक्ष्यालाच टोचायला कोल्हिणीनं दुसरा सुतारपक्षी नेमला. पाट कोरडा पडला, पण दोन्ही स्क्रिप्ट झकास चालू होत्या.

सत्कार रहाटापाशीच झाला. त्यासाठी मात्र सगळे डोंगर चढून आले. पाहुण्यांपुढे रिकाम्या करवंट्या ठेवल्या. सुतारपक्ष्याला शाल-श्रीफळ मिळालं.

"आलाच आहात तर काटा काढा रे!" धोंडू कण्हला.

"शू! भाषणं चालू आहेत," कोल्हीण म्हणाली.

शेवटी सिंहानं, जीभ टाळूला चिकटत असतानाही, तात्पर्य वाचून दाखवलं.

तात्पर्य: काटा चुकूनही काढू नये. काढला तर रेडा थांबत नाही, आणि रेडा थांबलाच नाही तर सत्कार कुणाचा करायचा?

हे ऐकून धोंडूच्या कानातली गोचीड भडकली. "मी तर जन्मल्यापासून याचं रक्त पितेय, एकदाही बंद पडले नाही. मला शाल नको?"