टिकलीच्या दुधातले जंतू

चांगली बातमी द्यावी तर ती मीच, असा माझा बरेच दिवस समज होता. मेव्हण्याला नोकरी लागल्याचं घरात मी सांगितलं, शेजाऱ्यांची हरवलेली मांजर सापडल्याचंही मीच. दोन्ही वेळा लोकांनी मला आग्रहानं चहाला बसवून घेतलं, कोरा का होईना. त्यामुळे त्या मंगळवारी सकाळी लॅबमधून सासूबाईंना फोन लावताना माझी छाती चांगली दोन इंच फुगलेली होती.

मी दूध तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करतो. काही महिने आमच्याकडे एकच शोध चालला होता. दूध आंबवणाऱ्या जंतूंपैकी काही जण स्वतःभोवती असं एक द्रव्य सोडतात, की दूध नासवणारे आणि माणसाला आजारी पाडणारे दुसरे जंतू त्यानं मरून जातात. असे गुणी जंतू कुठल्या जनावराच्या दुधात मिळतात ते बघायला आम्ही गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या, मिळेल त्याचं कच्चं दूध गोळा करत होतो. शंभर नमुने हवे होते, एक कमी पडला. म्हणून मी सासूबाईंच्या शेळीचं, टिकलीचं दूध आणून घातलं.

आणि नव्याण्णव नमुने ढिम्म बसले असताना टिकलीनं मैदान मारलं! काचेच्या बशीत नासके जंतू दाट वाढले होते आणि मधोमध टिकलीच्या जंतूंनी आपल्याभोवती स्वच्छ गोल करून ठेवला होता. त्या गोलात दुसरा एकही जंतू नव्हता. आमचे साहेब "हं" याच्यापुढे कधी जात नाहीत. ते दोनदा "हं" म्हणाले.

मी फोन लावला. "आई, आनंदाची बातमी. टिकलीच्या दुधात जंतू सापडले."

पलीकडे काहीतरी खणकन वाजलं.

"आणि साधेसुधे नाहीत हं. एकदम मारक. असे जंतू आम्हाला दुसऱ्या कुणाच्याच दुधात मिळाले नाहीत."

फोन बंद झाला. आनंदानं बोलता आलं नसेल, असं मी समजलो.

खरा प्रकार दुपारी बायकोनं फोनवर सांगितला. सासूबाई तेव्हा धार काढत होत्या. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून फोन स्पीकरवर ठेवलेला. आणि अंगणात भांडी घेऊन शिंपीकाका, शाळेतल्या निवृत्त बाई आणि कोपऱ्यावरची बाळंतीण उभे होते. तिघं रिकामी भांडी घेऊन परत गेले.

"तुम्ही आईच्या शेळीला मारक म्हणालात?"

"शेळीला नाही गं, जंतूंना."

"संध्याकाळी तिथे जा आणि निस्तरा. मी माहेरी तोंड दाखवायच्या लायकीची राहिलेली नाही."

तिचं चुकत नव्हतं. सासरे गेल्यापासून बावीस वर्षं सासूबाईंनी शेळ्यांवर घर चालवलं, आणि त्यांचं नाव होतं ते स्वच्छतेसाठी. गिऱ्हाईक घासून आणलेलं भांडं घेऊन आलं तरी त्या ते नळाखाली परत धुवून मगच दूध ओतायच्या. त्या बाईच्या भर अंगणात, गिऱ्हाइकांसमोर, जावयानं फोनवरून जंतू जाहीर केले होते.

संध्याकाळी गेलो. अंगण धुतलेलं, बादल्या उपड्या. टिकलीला साबण लावून अंघोळ घातली होती. ती माझ्याकडे असं बघत होती, की तिलाही कुणीतरी सगळं सांगितलं असावं. सासूबाई चकचकीत किटली आणखी घासत होत्या.

"या," त्या मान वर न करता म्हणाल्या. "पाणी देऊ का, विचारणार होते. पण आमच्याकडचं तुम्हाला चालेल की नाही, कोण जाणे."

मी निघालो आणि तिन्ही गिऱ्हाइकांना घरोघर जाऊन बोलावून आणलं. अंगणात उभं राहून समजावायला सुरुवात केली.

"म्हणजे जंतू आहेत," शिंपीकाका म्हणाले.

"आहेत, पण चांगले आहेत."

"मारतात म्हणालात."

"दुसऱ्या जंतूंना मारतात, काका."

"आणि ते दुसरे संपले, की मग कुणाला मारतात?"

बाळंतिणीनं पदर सावरला आणि ती दाराकडे सरकली. तेव्हा मला एकच उपाय सुचला. ओट्यावर तापवलेलं दूध होतं. मी मोठा पेला भरला आणि सगळ्यांसमोर घटाघटा रिकामा केला.

मला लहानपणापासून दूध पचत नाही. हे त्या क्षणी माझ्या लक्षात होतं, पण माणूस भाषणाच्या भरात असला की पोटाला विचारत नाही. पुढचा अर्धा तास मी उत्तम बोललो. निवृत्त बाईंनी तर मान डोलवायला सुरुवात केली होती. तेवढ्यात पोटात कुणीतरी जड कपाट सरकवल्यासारखं झालं आणि मी वाक्य अर्धवट टाकून मागच्या दाराकडे धावलो.

परत आलो तेव्हा बाळंतीण दारापर्यंत पोचली होती. शिंपीकाकांनी भांडं काखेत मारलं होतं. बावीस वर्षांचं नाव मी एका दिवसात दोनदा बुडवलं होतं.

सासूबाईंनी किटली खाली ठेवली. मला वाटलं, आता मला हाकलतील. त्यांनी खरंच तसं केलं असतं, तर मी एक अक्षर बोललो नसतो.

"त्यांना दूध सोसत नाही," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या आधीपासून. चहासुद्धा कोरा घेतात. आज माझ्यासाठी प्यायले." मग माझ्याकडे वळल्या. "ते बशीचं काय म्हणत होता? फोटो असला तर दाखवा."

मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ बघितला.

"ही बाहेरची सगळी घाण?"

"हो."

"आणि मधले हे आपले?"

"आपले."

"म्हणजे यांनी आपल्यापुरतं अंगण झाडून ठेवलंय," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा सैल झाला. "मग बरोबर आहे. टिकलीचेच आहेत."

एवढ्यानं काम झालं! जे मला अर्ध्या तासात जमलं नाही, ते शिंपीकाकांना अर्ध्या मिनिटात पटलं. त्यांनी भांडं पुढे केलं, सासूबाईंनी ते धुतलं आणि दूध ओतलं.

साहेबांना खात्रीसाठी टिकलीचा दुसरा नमुना हवा होता. दोन दिवसांनी सासूबाईंनी स्वतः किटली बांधून दिली. लॅबमध्ये उघडली तर दूध कोमट. मी बाहेर येऊन फोन केला.

"तीनदा उकळलंय," त्या अभिमानानं म्हणाल्या. "साहेबांकडे जायचं, तर कच्चं कसं द्यायचं?"

गुणी जंतू, नासके जंतू, सगळे एका रांगेत संपले होते. साहेबांना मी सांगितलं, की नमुना माझ्या हातून रस्त्यात सांडला. ते दहा मिनिटं बोलले. इतकं बोलता येतं त्यांना, हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी किटली घेऊन मी पुन्हा सासूबाईंच्या दारात उभा राहिलो.

"संपलंसुद्धा?" त्या खुलून म्हणाल्या. "आवडलेलं दिसतंय साहेबांना." आणि मी तोंड उघडायच्या आत आत जाऊन त्यांनी गॅस पेटवला.