टीनाचं काळं तोंड

जनावर कसं सांभाळावं, हे मला शिकवणारा अजून आसगावात जन्मायचा आहे! मारकुटे बैल, दोर तोडणाऱ्या बकऱ्या, सगळे मी वळणावर आणले. मग हातभर मांजराची काय बिशाद?

पण टीना साधी मांजर नव्हती. सयामी जातीची! माझा नातू अतुल साकोलीला मोबाइल दुरुस्त करतो. तिथल्या एका साहेबाची बदली झाली आणि तो तिला अतुलच्या पदरात टाकून गेला. सडसडीत अंग, निळे डोळे, आखूड केस. ओला हात फिरवला की आंघोळ झाली! खायला उकडलेले झिंगे. खोड एकच, एकटी ठेवली की तान्ह्या लेकरासारखी रडायची. बाकी वेळ नुसती बोलायची. बटण नसलेला रेडिओच म्हणा ना! आणि अतुल? तो म्हणजे सेल काढलेला रेडिओ.

अशा अतुलसाठी करडीहून स्थळ आलं. मुलगी उर्वशी, मामा-मामीसोबत घर पाहायला येणार होती. आमचं हे तिसरं स्थळ! मध्यस्थ धनंजयने आधीच बजावलं, "काका, पोरीच्या मामाले मांजर चालत नाही. रस्त्यात आडवं गेलं का गाडी वापस! घरात मांजराचं नावसुद्धा काढू नोका."

"कायजी करू नोको, मी हाओ ना!" मी म्हणालो.

पाहुणे आले. टीनाला आतल्या खोलीत कोंडलं. मंगरूमामांनी चिवड्याचा पहिला घास घेतला आणि आतून आवाज आला, "आंऽऽव!"

"घरात लहान लेकरू हाय का?" मामांनी विचारलं.

मला खोटं बोलता येत नाही आणि मांजर म्हणायचं नव्हतं. मी म्हणालो, "नाही जी, ते टीना हाय."

"टीना कोन?"

"अतुलची!"

मामींचा चहा बशीबाहेर गेला. "अतुलची? लगन झालं का त्याचं?"

"लगन कायचं! अशीच आनली. एका साहेबाजवळ होती. त्याची बदली झाली, त्यानं देऊन टाकली!"

माझी बायको धुरपता दारातून डोळे वटारत होती. मला वाटलं, चहात साखर कमी पडली असेल.

"अन् तिले कोंडली काहून?" मामांचा आवाज चढला.

"तुमी येनार म्हनून! नाही तं दिवसभर अतुलच्या मागं-मागं. रातच्याले त्याच्याच दुलईत. थंडी सोसत नाही ना तिले!"

"अवो, गप ऱ्हा ना!" धुरपता ओरडली.

पण मी रंगात आलो होतो. जनावराचा विषय निघाला की मला आवरत नाही. मामी हळूच म्हणाल्या, "दिसाले कशी हाय?"

"बारीक, चपळ, निळे डोळे! लहानपनी पांढरीफटक होती म्हनते साहेब. मंग थंडीत तोंड काळं झालं!"

मामा असे उठले की खुर्ची मागे आडवी झाली. "तोंड काळं झालं, अन् हासून सांगून राहिले! चाल वो, ऊठ!"

"अजी, तिच्या जातीत सगळ्यांचंच होते!" मी समजावलं.

"आता जातीवर बी गेले!"

अतुल खांबाला टेकून घाम पुसत होता. तेवढ्यात उर्वशी उभी राहिली. "मामा, थांबा. मले पाहू द्या, कोन हाय ते." आणि तिने सरळ आतल्या खोलीची कडी काढली.

टीना बाणासारखी सुटली! दिवाणावर, दिवाणावरून मामांच्या खांद्यावर, आणि त्यांच्या कानात, "आंऽऽव!"

"वाचवा! मांजर, मांजर!" मामा अंगणात, त्यांची चप्पल घरात.

उर्वशी खाली बसून पोट धरून हसली. मग टीनाला मांडीवर घेऊन म्हणाली, "काय वो टीनाबाई, कोंडलं होतं तुले?" टीना म्हणाली, "म्यांव." ती एक बोलायची, ही दोन बोलायची. अशा बराच वेळ गप्पा! उर्वशीने दूध मागितलं, तेव्हा कुठे अतुलने तोंड उघडलं. "दूध नोको. तिचं पोट बिघडते." दिवसभरातलं त्याचं तेवढंच भाषण.

दोन-चार दिवसांनी धनंजयचा फोन आला. "काका, पसंती आली!"

मी उडालोच! धुरपताने सगळ्यांच्या तोंडात साखर घातली, टीनाच्यासुद्धा!

"पोरीले टीना लय पसंत पडली," धनंजय म्हणाला. "पिल्लं झाली तं एक राखून ठेवा म्हनते."

"अन् अतुल?"

"त्याचं पाहू म्हनते. पोरगा बोलतच नाही तं पसंत काय करू, असं विचारते."

तेव्हापासून मी अतुलला रोज टीनापुढे बसवतो. चार शब्द शिकला तर बरं! काल मी बाहेरून विचारलं, "काय रे, उर्वशीले फोन लावू का?"

आतून जोरात उत्तर आलं, "म्यांव!"

दोघांपैकी कोण बोललं, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.